खाली नाव हवं

पहिल्याच दिवशी तांतेनं मला तिच्या दारातून परत पाठवलं. बुधवारच्या जेवणाला कोण येणार, कुणाला मासे हवेत, कुणाला चिकन, एवढं विचारत मी यादी घेऊन दारोदार फिरत होते. तिनं यादी माझ्या हातातून घेतली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाली, "यात चार चुका आहेत. दुरुस्त करून आण, मग सांगते."

दार बंद.

मी पुण्यात नऊ वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेली बाई मी. यादी माझी नव्हती, वॉर्डननं टाइप केलेली होती, तरी मला ते झोंबलं. जिन्यात उभी राहून मी ओळ न् ओळ वाचली आणि पुन्हा बेल वाजवली.

"तीनच आहेत," मी म्हटलं.

"आणि चौथी?"

"ती चूक नाही. इंग्लंडमध्ये तसंच लिहितात. तुम्ही अमेरिकन स्पेलिंग धरून बसला आहात."

तिनं यादी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. मग दार पूर्ण उघडून म्हणाली, "आत ये. आणि मला मासे लिही."

हे २००४ सालचं. नवऱ्याला ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्या वर्क परमिटवर मी डिपेंडंट म्हणून आले. मराठी प्रुफं तपासणाऱ्या बाईला ब्रिस्टलमध्ये कोण काम देणार? चार महिने घरात बसून काढले आणि मग म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका इमारतीत अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. सव्वीस फ्लॅट. प्रत्येकाचं आपलं स्वयंपाकघर, आपलं कुलूप. खाली एक मोठी कॉमन रूम, तिथे आठवड्यातून तीनदा दुपारचं जेवण. आणि एक वॉर्डन, जी रोज सकाळी प्रत्येक दारावर टकटक करून "बरे आहात ना?" असं विचारायची. मी जेवण वाढायचे, टेबलं पुसायचे, यादी फिरवायचे.

तिथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मॅडम म्हटलं तर ती म्हणाली, "मी काय शाळा चालवते?" शेवटी मी विचारलं, तुम्ही मूळच्या हॉलंडच्या, तुमच्याकडे मावशीला काय म्हणतात? तांते, म्हणाली. तेच ठरलं.

तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. ते तिनंच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. "माझी गोष्ट सांगायचीच असेल तर माझं नाव घालू नकोस. माझ्याबरोबर होती त्यांची नावं मलाही पूर्ण माहीत नाहीत. मग माझंच कशाला?"

तिची गोष्ट मला सलग कधीच कळली नाही. जेवणानंतर मी तिचे रात्रीसाठीचे डबे वर पोचवायला जायचे, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं मिळायची, तेवढ्यात एखादा तुकडा. तिच्या खिडकीत एक रेडिओ होता, तो दिवसभर हळू आवाजात चालू. मी एकदा तो बंद करायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. "तो चालू राहू दे. एके काळी हा ऐकला म्हणून माणसं तुरुंगात गेलीत." मग तिनं सांगायला सुरुवात केली.

युद्ध सुरू झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. आपल्या गावच्या नगरपालिकेत टायपिस्ट. जर्मनांनी देश ताब्यात घेतला, तरी पालिकेचं ऑफिस रोज नऊला उघडत राहिलं. वर्षभरानं हुकूम आला की प्रत्येक माणसाचं ओळखपत्र करायचं. फोटो, अंगठा, पत्ता. आणि जे ज्यू असतील त्यांच्या कार्डावर वेगळा शिक्का.

"मी ती कार्डं टाइप केली," तांते म्हणाली. "सगळ्यात सुबक काम माझं असायचं. एक खाडाखोड नाही. मला शिवण शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या कार्ड घ्यायला. त्यांचं आडनाव अवघड होतं, सगळे चुकवायचे. मी बरोबर लिहिलं. त्यांनी मला शाबासकी दिली."

मी घाईघाईनं म्हटलं, "पण तुम्हाला काय माहीत, पुढे त्याचं काय होणार होतं ते!"

"सगळे मला हेच म्हणतात. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं." तिनं डब्याचं झाकण काढून आतला मासा पाहिला आणि परत झाकलं. "पुढच्या उन्हाळ्यात त्या बाईंच्या घराला सील लागलं. त्यांना शोधायला आलेल्या माणसांना घर सापडायला वेळ लागला नाही. पत्ता मी बिनचूक लिहिला होता."



ती पालिकेची नोकरी तिनं लगेच सोडली नाही. सोडली असती तर संशय आला असता. आधी तिनं तिथून कोरी स्टेन्सिलं चोरायला सुरुवात केली. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघायच्या, तसलंच मशीन गावातल्या एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत होतं. लाँड्रीच्या आवाजात त्याचा आवाज बुडून जायचा. लोकांचे रेडिओ जर्मनांनी जप्त केले होते, पण लाँड्रीवाल्यानं एक वाचवला होता आणि मळक्या कपड्यांच्या टोपल्याखाली ठेवला होता. तांतेला इंग्रजी येत होतं, शॉर्टहँड येत होतं. ती रोज लंडनच्या बातम्या ऐकायची, उतरवायची, डचमध्ये टाइप करायची. दोन बाजूंचं एक पान. शंभर प्रती, कधी दीडशे. ती पानं घड्या केलेल्या चादरींमधून गिऱ्हाइकांच्या घरी जायची.

"आणि खाली लेखकाचं नाव?" मी विचारलं. सवयीनं. आमच्या दैनिकात बातमीदाराचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी भांडण व्हायचं.

"नाव?" तांते हसली. "नाव सापडलं की माणूस सापडला. मी तर आयुष्यभराचं शिकले होते, कुणाचं नाव नीट टाइप केलं की काय होतं ते."

शेवटच्या हिवाळ्यात वीज गेली, अन्न संपलं. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालवायचे, आणि एक दिवस तीही मेली. लाँड्रीवाला म्हणाला, काहीतरी चांगलं लिही, लोकांना धीर हवाय, कुणाला कळणार आहे? तिनं ऐकलं नाही. त्या दिवशीच्या पानावर तिनं दोनच ओळी टाइप केल्या. आज आमच्याकडे बातमी नाही. आम्ही मात्र आहोत. आणि ते जवळजवळ कोरं पान तिनं रोजच्यासारखं घरोघर वाटलं.

"लोक चिडले असतील," मी म्हटलं.

"एका बाईनं पान माझ्या तोंडावर फेकलं. पण पुढच्या आठवड्यात दुसरी बॅटरी मिळाल्यावर आम्ही लिहिलं की दोस्तांचं सैन्य नदी ओलांडून आलंय, तेव्हा त्याच बाईनं ते खरं मानलं. खोटं लिहिलं असतं तर मानलं नसतं."

लाँड्रीवाला मुक्तीच्या पाच आठवडे आधी पकडला गेला आणि त्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तांतेलाही एका नाक्यावर धरलं होतं. अकरा दिवस कोठडीत. बटाटे शोधत फिरणारी भुकेली मुलगी एवढंच ती सांगत राहिली, आणि इतकी भुकेली ती खरोखरच दिसत होती, की सोडून दिलं. पुढे एका ब्रिटिश सैनिकाशी लग्न करून ती ब्रिस्टलला आली. नवरा बंदरावर कारकून होता. तिनं चाळीस वर्षं एका बियाण्यांच्या दुकानात काम केलं. युद्धाबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मला हे सगळं कळायला दोन वर्षं लागली. मला वाटायचं, झालं, ही गोष्ट संपलेली आहे आणि मी नशिबानं ती ऐकणारी आहे.

मग २००७ च्या वसंतात कॉमन रूमच्या दारावर इमारत चालवणाऱ्या कंपनीची नोटीस लागली. वॉर्डनची जागा रद्द. त्याऐवजी प्रत्येक फ्लॅटमध्ये एक लाल दोरी बसवणार. काही झालं तर दोरी ओढायची, की कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या कॉल सेंटरमध्ये घंटा वाजेल आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून कुणीतरी बोलेल. कॉमन रूम बंद करून तिथे दोन नवे फ्लॅट. भाषा फार गोड होती. तुमच्या स्वातंत्र्यासाठी, असं तीनदा लिहिलं होतं.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त बस ड्रायव्हर राहायचा. अस्सल ब्रिस्टलचा, बायकांना "माय लव्हर" म्हणणारा. मी नवीन असताना त्यानं मला तसं म्हटलं तेव्हा माझ्या हातातली बशी पडली होती. ते इथल्या माणसांचं "काय गं ताई" आहे हे समजायला मला आठवडा लागला. त्यानं मोठ्या अक्षरात एक कागद लिहून नोटीस बोर्डावर लावला: वॉर्डननं दार वाजवलं म्हणून मी गेल्या डिसेंबरात वाचलो. दोरी ओढायला मी शुद्धीवर नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तो कागद गायब. तिसऱ्या दिवशी बोर्डाला काच आणि कुलूप. खाली एक चिठ्ठी, की यापुढे फक्त मंजूर सूचना लावल्या जातील.

मी जेवण वाढत होते. तांते काठी टेकत बोर्डापाशी गेली, काचेवर बोट फिरवलं, चिठ्ठी वाचली आणि तशीच माझ्याकडे आली.

"तुझ्या घरी कॉम्प्युटर आहे?"

"आहे."

"प्रिंटर?"

"आहे."

"मग आपण पान काढू."

बस ड्रायव्हर ओरडला, "मी वाटतो! तीन मजले, लिफ्टनं, अर्धा तास!" बाकीचे हसले. मीही हसले. तांते हसत नव्हती.

पहिलं पान तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. नोटिशीत काय आहे ते साध्या शब्दांत. बस ड्रायव्हरचा काढून टाकलेला मजकूर जसाच्या तसा. आणि तीन प्रश्न. मी घरी टाइप केलं, वाचून दाखवलं. तिनं दोन विशेषणं काढायला लावली. "राग वाचणाऱ्याला येऊ दे. तू आधीच खर्च करू नकोस." मग म्हणाली, "आता खाली नावं."

"कुणाची?"

"माझी. त्याची. ज्यांनी सांगितलं त्यांची. आणि टाइप केलं म्हणून तुझं."

 मी म्हटलं, "तांते, तुम्हीच म्हणाला होता ना, नाव सापडलं की माणूस सापडला?"

"तेव्हा नाव दिलं असतं तर गोळी होती. म्हणून लपवलं. इथे कोण गोळी घालणार आहे? इथे फक्त कुणीतरी नाराज होईल. तेवढ्याला भिऊन नाव लपवायचं असेल, तर ते लोक मेले कशाला?"

मी घरी आले. तिला जे माहीत नव्हतं ते असं की आमचे पासपोर्ट तेव्हा क्रॉयडनला, परदेशी लोकांच्या परवान्यांच्या सरकारी ऑफिसात पडले होते. राहण्याची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज केला होता, आणि त्या ऑफिसातून कधी उत्तर येईल याचा नेम नव्हता. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषयच नसायचा. कुणाचे नियम मध्येच बदलले, कुणाला आणखी एक कागद मागितला. नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उभ्याउभ्या वाचलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. "तू तिथे नोकरीला आहेस. तक्रार केली त्यांनी कुठे तर?"

"क्रॉयडनच्या लोकांना एका कॉमन रूमचं काय पडलंय?"

"तुला माहीत आहे, नाही पडलेलं? खात्री आहे?"

खात्री नव्हती. आम्हाला कशाचीच खात्री नसायची. आमच्या दैनिकातले जुने लोक आणीबाणीच्या गोष्टी सांगायचे, कुणी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, कोण कसं वाकलं. ते ऐकताना मी दरवेळी मनात ठामपणे न वाकणाऱ्यांच्या रांगेत उभी असायचे. फुकट होतं ते. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक साधं पान होतं, त्याखाली माझं नाव टाइप करायचं होतं, आणि माझी बोटं चालेनात.

पहिल्या पानावर मी माझं नाव घातलं नाही. तांतेनं प्रती मोजल्या, खालची नावं वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. गठ्ठा तिनं बस ड्रायव्हरला दिला. 

पान सव्वीस दारांत पोचलं. चौथ्या दिवशी कंपनीची मॅनेजर आली. तिशीतली, नीटनेटकी, हसतमुख. मला वॉर्डनच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आमचं पान.

"इथल्या म्हाताऱ्या लोकांपैकी कुणाकडेच कॉम्प्युटर नाही," ती म्हणाली. "हे कुणी टाइप केलं, तुम्हाला काही कल्पना?"

मला आत्ताही तो क्षण जसाच्या तसा आठवतो. टेबलावर बिस्किटांची उघडी पुडी होती. बाहेर कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर चालवत होतं. "नाही" म्हणायला अर्धा सेकंद पुरला असता.

"मी," मी म्हटलं.

ती दचकली. तिला दुसरं उत्तर अपेक्षित होतं आणि त्याच्या पुढची वाक्यं तिनं तयार करून आणली होती. "पण तुमचं नाव इथे नाहीये."

"हो. ती चूक झाली. पुढच्या अंकात दुरुस्त करणार आहे."

"पुढच्या अंकात?"

"पान दर आठवड्याला निघणार आहे," मी म्हटलं. हे तोवर कुणीही ठरवलेलं नव्हतं. "सगळ्या गोष्टी मी माझ्या घरी, माझ्या वेळेत, माझ्या कागदावर करते. कामात काही कमी असेल तर तेवढं सांगा."

ती म्हणाली, कामाबद्दल तक्रार नाही, पण कंपनीला वाईट वाटलं आहे. मी म्हटलं, मग कंपनीनं तसं लिहून द्यावं, आम्ही छापू. खरंच छापलं असतं. तांतेचा तसा नियमच होता.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "आता नाव घालणारच असशील तर आडनावासकट पूर्ण घाल. अर्धवट नको." आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला बसला. त्याचा चेहरा काही हसरा नव्हता, पण कागद त्यानं भरले.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी दहा नावं होती. माझं शेवटचं, पूर्ण.

तिसऱ्या अंकात तांतेनं तिचा डाव मांडला. लाल दोऱ्या तोवर बसवून झाल्या होत्या. पानावर ठळक अक्षरात छापलं: मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सगळे दोरी ओढणार आहोत. खरी मदत कुणाला लागली तर ती मिळावी म्हणून आमची वॉर्डन तेव्हा हजर असेल. कंपनीला हे आधीच कळवत आहोत, म्हणजे त्यांना तयारी करता येईल. या पानाची एक प्रत त्यांना पोस्टानं पाठवली आहे. खाली एकवीस नावं.

"आधी कशाला सांगायचं?" बस ड्रायव्हर कुरकुरला. "अचानक ओढू, मजा येईल."

"आपण मजा करत नाही आहोत," तांते म्हणाली. "सांगूनसुद्धा त्यांना जमलं नाही, तरच ते लिहिण्यासारखं आहे."

मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि पाहुणी म्हणून गेले. प्रत्येकाला एक कागद दिला होता, त्यावर उत्तर किती वाजता आलं आणि काय म्हणाले ते लिहायचं. अकराला तांतेनं आपल्या खोलीतली दोरी ओढली. सगळ्या इमारतीत पिंपिं सुरू झालं. ती खुर्चीत ताठ बसली, मांडीवर घड्याळ. आम्ही वाट पाहत राहिलो. रेडिओवर बागकामाचा कार्यक्रम चालला होता. अकरा वाजून एकोणतीस मिनिटांनी भिंतीतून आवाज आला, "हॅलो डार्लिंग, काय झालं?"

"मी पडले असते तर आता थंड झाले असते," तांते म्हणाली. "बाकी ठीक आहे. धन्यवाद."

बस ड्रायव्हरला तर चाळीस मिनिटांनी उत्तर आलं आणि त्याला विचारलं, तुम्ही कोणत्या शहरात राहता? तो आनंदानं वेडा झाला होता. खाली कॉमन रूममध्ये सगळे कागद घेऊन जमले, एकमेकांच्या नकला करत, लाल झालेले. ऐंशी-पंचाऐंशीची माणसं परीक्षेतून सुटलेल्या पोरांसारखी बोलत होती. मी कागद लावत होते. सहा जणांना लगेच उत्तर मिळालं होतं, मिनिटाच्या आत, अगदी आपुलकीनं.

"हे सहा सोडून देऊ," बस ड्रायव्हर म्हणाला. "कंपनीला फुकट शाबासकी कशाला?"

"ते सहा सगळ्यात आधी," तांते म्हणाली.  "नाहीतर उरलेले पंधरा कुणी खरे मानणार नाही. मला हे पान तोंडावर फेकलेलं चालेल, खोटं ठरलेलं चालणार नाही."

तसंच छापलं. त्या अंकाची प्रत कुणाच्या तरी मुलीनं गावातल्या वर्तमानपत्राला दिली, त्यांनी बातमी केली. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस येऊन दोन तास बसून गेला. मॅनेजर पुन्हा आली तेव्हा एकटी नव्हती, आणि या वेळी माणसांना एकेकटं केबिनमध्ये बोलावलं नाही. कॉमन रूममध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली.

तिनं सुरुवात केली, "आम्हाला समजतं की बदलाची भीती वाटते..."

तांते उठली. उठायला तिला बराच वेळ लागायचा, आणि तो वेळ सगळ्यांनी थांबून दिला. "बाई," ती म्हणाली, "भीती मी पाहिलेली आहे. ही ती नाही. आम्ही घाबरलेलो नाही, आम्ही हरकत घेत आहोत. हे दोन वेगळे शब्द आहेत."

कुणीतरी टाळी वाजवली. मॅनेजरनं मान खाली घालून कागद चाळले. तिची मला थोडी दया आली, खोटं कशाला सांगू. तिला वरून सांगितलेलं होतं, तेच ती सुबकपणे पोचवत होती. तांतेनं मात्र तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, ती त्या मुलीत नगरपालिकेतल्या एका टायपिस्टला ओळखते आहे.

शेवटी निकाल असा लागला. वॉर्डन राहिली, पण फक्त सकाळपुरती. दारं वाजवणं चालू राहिलं. कॉमन रूम राहिली. तिथलं स्वयंपाकघर मात्र बंद झालं आणि जेवण व्हॅनमधून डब्यांत येऊ लागलं, म्हणजे वाढणारीची गरज उरली नाही. माझी नोकरी गेली. पानाशी याचा संबंध नाही असं मला पत्रात लिहून आलं. नसेलही. मी ते पत्र पुढच्या अंकात जसंच्या तसं छापलं. पासपोर्ट ऑगस्टमध्ये शिक्के मारून परत आले. क्रॉयडनमध्ये आमचं पान कुणीही वाचलं नव्हतं. नवरा पाकीट फोडून बराच वेळ नुसता हसत बसला, आणि मग मी त्याच्यावर चिडले, आणि मग आम्ही दोघं हसलो. दोन महिन्यांनी मला एका छपाईच्या दुकानात काम मिळालं, लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांची पत्रकं तपासायचं. मुलाखतीला मी आमचे अंक घेऊन गेले होते.

पान चालूच राहिलं. मी शनिवारी जाऊन मजकूर आणायचे. हळूहळू एकाची दोन पानं झाली आणि त्यांत भांडणं यायला लागली, लिफ्टबद्दल, व्हॅनच्या बटाट्यांबद्दल, कुणाच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल. तांते पुढच्याच वर्षी गेली, पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या हिवाळ्यात एका बाईंनी पत्र दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या, सहसा न बोलणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं की हे पान सगळ्यांचं म्हणतात, पण ठरवते एकटी ती डच बाई. काय छापायचं, काय गाळायचं, कधी निघायचं, सगळं तीच. आम्हाला कंपनी नको होती, पण राणीही नको आहे. खाली त्यांचं पूर्ण नाव.

मी ते जिन्यातच वाचलं आणि माझं डोकं तापलं. या बाईनं त्या मंगळवारी दोरीसुद्धा ओढली नव्हती. मी पत्र पर्समध्ये कोंबलं आणि तांतेला सांगितलं की या आठवड्यात मजकूर जास्त आहे, एक पत्र मागे ठेवते आहे.

"कुणाचं?"

मी सांगितलं.

"दाखव."

तेव्हा ती अंथरुणावर होती, पाठीला तीन उशा. तिनं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी म्हणत होते की हे अन्यायाचं आहे, तुमच्याशिवाय हे पान निघालंच नसतं, त्यांना कुणी हक्क दिला. ती ऐकत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी बोलता बोलता थांबले. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती, कॉमन रूममधल्या त्या दिवशीही नाही.

"स्पेलिंग एकदम बरोबर आहे हिचं," ती म्हणाली. "आणि नाव घातलंय."

"म्हणजे छापायचं?"

तिनं पत्र माझ्या हातात दिलं. "पहिल्या पानावर," म्हणाली. "वरती. आणि काही कापायचं नाही."